टाकळीचे शंख, देवळालीचा आकडा

काटोल रोडने टाकळीच्या अंगाला गेलात तर आज घरे, दुकाने, सिग्नल आणि सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यांभोवतीची गर्दी दिसते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे माळ होता आणि नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. १८५१ साली या भागात फिरताना दोन स्कॉटिश मिशनऱ्यांना, स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांना, दगडात रुतून बसलेले शंख सापडले. ते समुद्रातले नव्हते, तळ्यातल्या गोगलगायींचे होते. दुसरा कोणी असता तर एखादा शंख खिशात घालून घरी गेला असता आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवून दिला असता. हिस्लॉपने मरेपर्यंत, म्हणजे पुढची बारा वर्षे, त्या दगडांचा पिच्छा सोडला नाही.

हे काम त्याला कोणी सांगितले नव्हते. १८४५ मध्ये तो नागपुरात आला तो धर्मप्रचारासाठी. १८४६ मध्ये त्याने शाळा काढली, मराठी शिकला, गावोगाव हिंडला. धर्मांतराच्या कामाबद्दल ज्याचे जे मत असेल ते असो, त्याची नोकरी ती होती आणि दिवसाचे बहुतेक तास तिच्यातच जात. भूगर्भशास्त्र हा उरलेल्या वेळाचा उद्योग. घोड्यावरून दौऱ्याला जाताना वाटेतल्या नाल्याचा काठ पाहायचा, विहीर खणली जात असेल तर बाहेर पडलेली माती चाळायची, असे ते चालले.

त्याने जे पाहिले ते आज शाळेच्या पुस्तकात सापडते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा वाहिला, तोही एका दमात नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात थंड झालेल्या काळ्या पत्थरावर पाणी साचून तळी झाली, काठाला झाडे वाढली, पाण्यात गोगलगायी, किडे, मासे आले. मग पुन्हा लाव्हा आला आणि ते सगळे जग झाकून गेले. टाकळीचे शंख त्या झाकलेल्या तळ्यांतले. दोन लाव्हांच्या मधला गाळाचा हा पातळ थर पाहायला आजही देशोदेशीचे अभ्यासक विदर्भात येतात.

मला यात महत्त्वाचे वाटते ते शंख सापडणे नाही. शंख सापडल्यावर हिस्लॉपने काय केले, ते. त्याने नमुने वर्गवारी करून लंडनला धाडले. चंद्रपूरकडच्या मंगळीच्या लाल दगडात मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी रिचर्ड ओवेनसमोर गेली. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारा तोच हा ओवेन. कवटीला त्याने ब्रॅकियॉप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. वनस्पतींचे ठसे चार्ल्स बनबरीने तपासले, किड्यांचे अँड्र्यू मरेने, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या शिंपाधारी जीवांचे रुपर्ट जोन्सने. १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात हिस्लॉप-हंटर जोडीचा नागपूर परिसराच्या भूस्तरांवरचा मोठा निबंध आला. १८६० पर्यंत गडी इतका तयार झाला होता, की शंखांच्या नव्या जातींची वर्णने त्याने स्वतःच लिहिली. या भागातल्या गोड्या पाण्यातल्या एका चिमुकल्या जीवाच्या प्रजातीला १८५८ मध्ये त्याच्यावरूनच ‘हिस्लोपिया’ हे नाव मिळाले. ते नाव देणारा हेन्री कार्टर मुंबईत कंपनी सरकारचा डॉक्टर होता. दिवसा रोगी तपासायचा आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचा. म्हणजे एका हौशी माणसाने दुसऱ्या हौशी माणसाला केलेला हा मुजरा आहे.

छंद आणि गुणवत्ता यांच्याविषयी बोलताना आपण आवड, चिकाटी आणि वेळ या तिघांवर थांबतो. या तिन्ही गोष्टी असूनही आयुष्यभर जिथल्या तिथे राहिलेली माणसे प्रत्येक गल्लीत असतात. वीस वर्षे रोज संध्याकाळी बुद्धिबळ मांडणारे आणि वीस वर्षे तोच डाव हरणारे काका आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. डाव मांडण्याचे सुख खरेच असते आणि त्याला कोणाचे प्रमाणपत्र लागत नाही. पण ज्याला त्या छंदात वरच्या पायरीवर जायचे आहे त्याला चौथी गोष्ट लागते, ती म्हणजे परीक्षक. नोकरीत साहेब असतो, हजेरीपट असतो, वार्षिक अहवाल असतो. छंदात यातले काही नसते आणि म्हणून तर तो प्रिय असतो. तरीही शिखर गाठलेल्या छांदिष्टांकडे नीट पाहिले, तर त्यांनी कुठून तरी एक कडक परीक्षक स्वतःहून शोधून आणलेला दिसतो. त्या परीक्षकाला यांचा हुद्दा माहीत नसतो आणि माहीत झाला तरी त्याचे काही वाटत नाही.

रॉबर्ट स्टेबिन्स या कॅनडातल्या समाजशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये अशा छंदाला ‘गंभीर फुरसत’ असे काहीसे विचित्र नाव दिले. तो स्वतः हौशी वाद्यवृंदांत डबल बेस वाजवायचा, म्हणजे आतला माणूस. हौशी खगोल निरीक्षक, पुरातत्त्वाचे नादी, जादूगार, वादक अशांमध्ये वावरून त्याने पाहिले, की या लोकांना छंदातले सगळेच क्षण आवडत नाहीत. कंटाळा, अपयश, अंगदुखी, प्रेक्षकांसमोरची भीती हे सगळे असते आणि तरी ते सोडत नाहीत. टीव्हीसमोर बसण्यापेक्षा हे वेगळे कसे, याचे त्याचे उत्तर असे, की यात माणसाला शिकण्याच्या पायऱ्या असतात, एक प्रकारची कारकीर्द असते, फक्त पगार नसतो.

पायऱ्या चढायच्या कशा यावर स्वीडिश मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचे १९९३ चे संशोधन फार गाजले. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांमध्ये सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तास एकट्याने रियाज केलेला होता. पुढे लोकांनी त्यातला दहा हजारांचा आकडा तेवढा उचलला आणि बाकीचा निबंध तसाच ठेवून दिला. तो आकडा सरासरीचा होता, उंबरठा नव्हता. शिवाय एरिक्सनचा भर तासांपेक्षा त्यांच्या पोतावर होता. जे जमत नाही नेमके तेच काढायचे, चूक लगेच कळेल अशी सोय करायची, ती सुधारून पुन्हा करायचे. हे थकवणारे असते, म्हणून उत्तम वादकसुद्धा दिवसाला चारेक तासांपलीकडे जात नव्हते आणि मध्ये विश्रांती घेत होते.

नोकरदाराला हे ऐकून धीर यावा. रोज एक तास म्हणजे वर्षाला ३६५ तास, दहा वर्षांत साडेतीन हजारांवर. व्यावसायिक वादक व्हायला ते पुरणार नाहीत, पण एखाद्या चिंचोळ्या विषयात आपल्या शहरात आपल्याइतके कोणाला कळत नाही, इथवर जायला सहज पुरतात. अट एवढीच, की त्या तासात पेटीवर तीच चार भजने पुन्हा पुन्हा वाजवून उठायचे नाही.

नागपूरच्याच महेश एलकुंचवारांची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, नागपुरात इंग्रजी शिकवणारे. तरुणपणी एकदा ते सिनेमाला गेले, तिकीट मिळाले नाही, म्हणून नाटकाला शिरले. विजय तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’ चालू होते आणि दिग्दर्शन विजया मेहतांचे होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन त्यांनी तेच नाटक पाहिले. हा किस्सा बहुतेकांना माहीत असतो. त्याच्या पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही, कारण त्यात नाट्य नाही. त्यांनी लगेच लेखणी उचलली नाही. साधारण वर्षभर हाती लागतील ती नाटके वाचून काढली. मग लिहिले आणि १९६७ मध्ये ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथा’त छापून आली. ‘सत्यकथा’चे संपादक साभार परतीसाठी प्रसिद्ध होते. त्या दारातून आत जाणे म्हणजे काय, हे त्या काळातल्या लेखकांना विचारावे. विजया मेहतांनी ती एकांकिका वाचली आणि पुढे एलकुंचवारांची नाटके रंगमंचावर आणली. १९८५ चे ‘वाडा चिरेबंदी’ तर आज मराठी नाटकाच्या इतिहासातले ठिकाण आहे. हे सगळे होत असताना एलकुंचवार नागपुरात वर्गावर जात होते.

नागपुरातल्या नाटकवेड्यांसाठी असाच एक परीक्षक दरवर्षी दारात येतो, राज्य हौशी नाट्य स्पर्धा. बँकेतून सुटून, शाळा आटोपून, वीज मंडळाच्या ड्युट्या अदलाबदल करून तालमीला येणारी मंडळी महिना-दोन महिने राबतात आणि एका रात्री परीक्षकांसमोर उभी राहतात. पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी ‘रंजन कला मंदिर’ उभे केले ते याच शहरात आणि नोकरी करता करता. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ मध्ये मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर गेले, पण हात बसला होता तो नागपूरच्या हौशी तालमींत. स्पर्धेच्या निकालावरून पुढे चार दिवस चहाच्या टपरीवर जी भांडणे होतात ती मला फार आवडतात. निकाल चुकीचा असेलही, पण त्यावर भांडता येते म्हणजे मोजपट्टी आहे.

आता परीक्षकानेच नापास केले तर काय?

याचे उत्तर नागपुरात नाही, नाशिकजवळच्या देवळालीत आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळवले. पदव्युत्तर शिक्षण नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तर. वर्गातला तास संपला की हा माणूस आकड्यांच्या नादी लागायचा. तेव्हाचे डोंबिवली स्टेशन ‘डेमलो’ नावानेही ओळखले जाई. तिथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्याच म्हणून टाकले. दुसरा त्यांचा खेळ असा, की एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवायचे. १५ घ्या, त्यात १ आणि ५ मिळवा, २१ येतात. म्हणजे २१ ला जन्मदाता आहे, १५. पण २० ला जन्मदाता कोणी सापडत नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘स्वयंभू’ म्हटले. आकड्यांना देवळातले विशेषण लावणारा हा गणिती मला फार मराठी वाटतो.

१९४९ मध्ये त्यांच्या हाती ६१७४ लागला. कागद-पेन्सिल जवळ असेल तर करून पाहा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नसावेत एवढेच. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, ५४३२. चढत्या क्रमाने लावा, २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तसेच: ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ७६४१ वजा १४६७ हे पुन्हा ६१७४ च देते. कुठूनही सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पावलांत तुम्ही याच आकड्यावर येता आणि तिथेच अडकता.

त्या काळच्या भारतीय गणितज्ञांना यात फारसे काही वाटले नाही. करमणूक म्हणून ठीक, गणित म्हणून किरकोळ, असा एकूण सूर होता. कापरेकर गणित परिषदांना हजर राहायचे, निबंध वाचायचे, छोट्या पुस्तिका स्वतः छापायचे. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या स्तंभात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ माहीत झाला. तोवर गुरुजींना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. १९८६ मध्ये ते गेले.

इथे माझ्याच म्हणण्याला एक खाच पडते आणि ती मी बुजवणार नाही. गणितज्ञांचे मत हाच एक परीक्षक धरला असता तर कापरेकर १९५० च्या आसपास थांबले असते. पण त्यांच्या विषयात एक दुसरा, फारच निष्ठुर परीक्षक बसलेला होता. वजाबाकी बरोबर येते किंवा येत नाही. विधान सगळ्या संख्यांना लागू पडते किंवा एक अपवाद निघून ते कोसळते. लोक काय म्हणतात यापेक्षा हा निकाल वेगळा. आणि हौशी माणसाची ताकदही इथेच दिसते. विद्यापीठातल्या माणसाला चालू फॅशनचा विषय घ्यावा लागतो, नाहीतर बढती अडते. देवळालीच्या मास्तरला कोणी बढती देणार नव्हते, म्हणून तो असल्या ‘किरकोळ’ प्रश्नांशी वर्षानुवर्षे बसू शकला.

छंदामुळे नोकरीचे नुकसान होते का, हा प्रश्न घरात नेहमी निघतो. “ऑफिसात एवढं लक्ष दिलं असतं तर…” हे वाक्य कोणी ऐकलेले नाही? शेफिल्ड विद्यापीठातल्या सियारा केली आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये याच्याशी जवळचा अभ्यास प्रसिद्ध केला. छंद असलेल्या लोकांकडून काही महिने नियमित नोंदी घेऊन त्यांनी पाहिले, की छंदाला नेहमीपेक्षा जास्त वेळ दिलेल्या महिन्यात नोकरीतला आत्मविश्वास वाढतो की घटतो. उत्तर मजेदार निघाले. छंद गंभीरपणे चालवलेला असेल आणि नोकरीपेक्षा वेगळा असेल, तर आत्मविश्वास वाढतो. छंद गंभीर आणि नोकरीसारखाच असेल, तर घटतो. दिवसभर कोड लिहून रात्री पुन्हा कोडच लिहिणाऱ्याला हे पटावे. त्याआधी २००७ मध्ये जर्मन संशोधक सबिने झोननटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी कामाचा शीण कशाने उतरतो याचे चार मार्ग मांडले होते: कामाचा विचार सुटणे, निवांतपणा, आपल्या वेळावर आपला ताबा, आणि काहीतरी अवघड गोष्ट साधणे. चौथा मार्ग आपण सहसा धरतच नाही. दमलेल्याने पडून राहावे, हेच आपल्याला माहीत.

मारुती चितमपल्ली या वर्गवारीत कुठे बसतात, हे मात्र मला ठरवता येत नाही. वन खात्यातली नोकरी आणि लेखनही जंगलाचेच. म्हणजे नियमाप्रमाणे जीव विटायला हवा होता. पण खात्याला त्यांच्याकडून हवी होती ती जंगलाची राखण. नवेगावबांधच्या तळ्याकाठी, नागझिऱ्यात, मेळघाटात आदिवासींच्या, ढिवरांच्या तोंडून पाखरांची आणि झाडांची नावे वेचणे, त्यासाठी संस्कृत ग्रंथ धुंडाळणे, त्यातून ‘पक्षिकोश’ रचणे हे कुठल्याही सेवा नियमावलीत नव्हते. नोकरी झाडांची आणि छंद शब्दांचा, असे म्हटले तर तिढा सुटतो. निवृत्तीनंतर ते बरीच वर्षे नागपुरात राहिले, २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२५ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर त्याच वर्षी जूनमध्ये वारले.

अलीकडे नागपूरकरांना लागलेला सगळ्यात कडक परीक्षक म्हणजे घड्याळ. हिवाळ्यात पहाटे फुटाळ्यावर, सेमिनरी हिल्सच्या चढावर, अमरावती रोडला सायकलवाले दिसतात. त्यांतल्या काहींच्या बोलण्यात ‘बीआरएम’ हा शब्द येतो. ही लांब पल्ल्याची, ठरावीक वेळेत पुरी करायची सायकलस्वारी. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. चारही एकाच हंगामात पुऱ्या केल्या की ‘एसआर’, म्हणजे सुपर रँदोनर. वाटेत ठरलेल्या नाक्यांवर ‘ब्रेव्हे कार्डा’वर हजेरी नोंदवायची. मदतीची गाडी मागेपुढे फिरवायची नाही, पंक्चर आपले आपण काढायचे. निकालाला मान्यता मिळते ती पॅरिसच्या एका जुन्या क्लबाकडून. आणि यात नंबर काढत नाहीत. पहिला कोण, शेवटचा कोण, याला किंमत नाही. वेळेत आलात की नाही, एवढेच. सर्जन, तलाठी, कॉलेजचा पोरगा आणि किराणा दुकानदार यांना एकाच मापाने मोजणारी दुसरी परीक्षा या शहरात कुठली, ते मला सुचत नाही.

त्या रस्त्याच्या पार टोकाला गेलेला माणूसही नागपूरचाच, डॉ. अमित समर्थ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी करायची असते. २०१७ मध्ये त्यांनी पहिल्याच प्रयत्नात ती वेळेत पुरी केली. त्याच वर्षी, त्यांच्या काही तास आधी, लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ तिथे पोचले होते. ते तेव्हा नाशिकला होते. त्याच्या दोन वर्षे आधी नाशिकच्याच महाजन बंधूंनी, तेही डॉक्टर, ही शर्यत जोडीने पुरी केली होती. डॉक्टर मंडळींना या शर्यतीचे वेड का लागावे यावर कोणीतरी लिहायला हवे. २०१८ मध्ये समर्थ मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंत, नऊ हजारांवर किलोमीटर, टप्प्याटप्प्याने सायकलवर गेले.

प्रत्येक छंदाच्या एका वळणावर पैसा भेटतो. चॅनल काढ, क्लास घे, विकायला ठेव, असा सल्ला पहिल्या बऱ्या केकपासून सुरू होतो. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रे काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर छान प्रशस्तिपत्र मिळेल. ते मिळाले. काही दिवसांनी मोकळ्या वेळात हीच मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांजवळ बसली. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले होते त्यांची आवड मात्र टिकली. परीक्षक आणि बक्षीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून दिसते. ओवेनने कवटीला नाव दिले तेव्हा हिस्लॉपला दमडीही मिळाली नव्हती.

या लेखात आतापर्यंत एकाही छांदिष्ट बाईचे नाव आले नाही, हे एखाद्या वाचक बाईंच्या केव्हाच लक्षात आले असेल. त्याचे कारण बुद्धीत किंवा आवडीत शोधायची गरज नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. शिवाय घरकामाला हात लावणाऱ्या बायका दहात आठ होत्या आणि पुरुष चारात एक. म्हणजे वर मी जो ‘रोज एक तास’ मोठ्या आत्मविश्वासाने गुणाकारात घातला, तो पुरुषाच्या हिशेबातला तास आहे. पहाटे पाचला सायकल काढणाऱ्या नवऱ्याचा डबा आणि मुलांची शाळा कोण सांभाळते, हे ब्रेव्हे कार्डावर लिहिलेले नसते. कापरेकर वर्षानुवर्षे आकड्यांशी बसले, पण तेवढा वेळ चूल कोणाच्या हाती होती, हे गणिताचा इतिहास नोंदवत नाही.

म्हणून लांबलचक तयारी मागणाऱ्या छंदांबरोबर, तुकड्यातुकड्यांच्या वेळातही कडक परीक्षा घेणारे छंद माहीत असलेले बरे. पक्षिनोंद हा तसा एक. नागपूरला त्याची फार चांगली सोय आहे. अंबाझरी, गोरेवाडा, तेलंगखेडी ही तळी शहरातच, पण तळ्यावर जायलाच हवे असेही नाही. फेब्रुवारीत शुक्रवार ते सोमवार चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी चालते आणि तिला किमान पंधरा मिनिटांची यादी पुरते, गच्चीवरून किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीतून केलेली. यादी ‘ई-बर्ड’वर टाकली की तिथले स्वयंसेवक तपासनीस अनपेक्षित वाटणाऱ्या नोंदी बाजूला काढतात आणि विचारणा करतात. फोटो आहे का? चोच कशी होती? पोटावरचे पट्टे आडवे होते की उभे? शिक्रा समजून लिहिलेला पक्षी पुष्कळदा पावशा निघतो. दोघांचा रंग आणि शेपटीवरचे पट्टे इतके मिळतेजुळते, की लहान पाखरेसुद्धा फसून पावशावर कलकलाट करत धावून जातात. शिकाऱ्याची आकडेदार चोच आणि कोकीळ कुळातल्याची साधी चोच, एवढा फरक पाहायला दुर्बिणीपेक्षा आधी कुठे पाहायचे ते माहीत असावे लागते. तपासनीसाने विचारले आणि उत्तर देता आले नाही, तर ती नोंद सार्वजनिक माहितीत धरली जात नाही. तुमच्या स्वतःच्या यादीत मात्र ती राहते. पुढच्या वेळी तो पक्षी समोरच्या कडुलिंबावर बसला, की आधी चोचीकडे नजर जाते.